जुनी कार्बोरेटरवाली, बिनगिअरची स्कूटर रस्त्यावर चांगली ओढते, पण रेस सोडली की बंद पडते. मेकॅनिक म्हणतो नवा कार्बोरेटर टाका. टाकू का?

नका टाकू. रस्त्यावर गाडी चांगली ओढते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बिघाड स्लोच्या वाटेत आहे, मूठ सोडल्यावर इंजिन हळू चालतं ती वाट. एकतर स्लो जेटमध्ये, म्हणजे त्या वेळी पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, कचरा बसलाय, नाहीतर कुठून तरी फालतू हवा ओढली जातेय. आणि रेसचा स्क्रू आवळून तर मुळीच घेऊ नका, त्यासाठीच हे लिहितोय.

माझी ताई आशा वर्कर आहे, यवतमाळकडच्या खेड्यांत स्कूटरवर फिरते. तिची गाडी अशीच बंद पडायची. भाऊजींनी तालुक्याला नेऊन स्क्रू आवळून आणला. बंद पडणं थांबलं, भाऊजी खूश. पण बिनगिअरच्या स्कूटरला हाताचा क्लच नसतो. आतला क्लच इंजिनाच्या वेगावर आपोआप धरतो, रेस वाढवून ठेवली की उभ्या गाडीतच धरायला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं स्टार्टर मारून ब्रेक सोडला, मूठ पिळलीही नव्हती, तर गाडी सरळ बैलांच्या गव्हाणीवर. गुडघा फुटला, रजिस्टर शेणात. आणि भाऊजी चारचौघांत म्हणतात, "हिले गाडी चालवताच येत नाही."

मी सीट आणि खालची डिक्की काढली. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबरावर साबणाचं पाणी सोडलं, तशी रेस लगेच बदलली. रबर वाकवून पाहिलं तर क्लॅम्पजवळ नखाएवढी चीर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात रबर कडक होऊन असं तडकतंच. रबर नवं टाकलं, स्क्रू मागं घेतला. गाडी शांत उभी राहायला लागली, ताईच्या हातून पुन्हा कधी उसळली नाही. भाऊजी अजूनही मानत नाहीत. बिघाड गाडीत, स्क्रू यांनी आवळून आणला, आणि नाव बाईच्या चालवण्याला!

काही मेकॅनिक पाण्याऐवजी पेट्रोल शिंपडून बघतात. गरम इंजिनावर तसलं करू देऊ नका, आग लागते.

रबर चांगलं निघालं तर स्लो जेट साफ करून घ्या. किराणा दुकानातलं बाटलीचं पेट्रोल भरत असाल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू ढिला करून खालचं पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या, पाणी किंवा गाळ तळाशी दिसतो. एअर स्क्रू, म्हणजे स्लोमधलं हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, इंजिन गरम झाल्यावरच जुळवायचा.

टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) फार टाइट असले तरी गाडी स्लोमध्ये टिकत नाही, ते मात्र जाणत्याकडूनच बघून घ्या. आणि हे सगळं कार्बोरेटरवाल्या गाडीचं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 (धुराच्या नव्या नियमाच्या) इंजेक्शनवाल्या स्कूटरमध्ये रेस कॉम्प्युटर सांभाळतो, तिथं पाना-पेचकस घेऊन बसू नका.

स्क्रू आधीच आवळून आणला असेल तर आज मधल्या स्टँडवर गाडी चालू करा. मागचं चाक हलकं फिरलं तर चालतं. ब्रेकनं थांबवून सोडल्यावर लगेच जोरात फिरायला लागलं तर रेस जास्त आहे, ती कमी केल्याशिवाय घरातल्या कोणाच्याच हातात किल्ली देऊ नका.