पहिले ट्रेकिंग बूट घेताय? मग आधी हे बघा
बूट संध्याकाळी घ्यायला जा; दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचे मोजे घालूनच माप बघा. लेस सैल ठेवून पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. नाहीतर लांब उतारावर अंगठ्याचं नख काळंनिळं पडणारच. उतरण्याआधी घोट्यापाशी लेस पुन्हा आवळा, म्हणजे पाय पुढे घसरत नाही.

सुती मोजे नकोत. ते घाम धरून ठेवतात आणि ओली कातडी घासली की फोड आलाच. लोकरीचे किंवा सिंथेटिक घाला, एक कोरडा जोड सॅकमध्ये. टाच चुरचुरली की तिथेच थांबून पाय पुसा, चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या टप्प्यावर बघू’ म्हणणारेच मग लंगडत उतरतात. वॉटरप्रूफ बुटांचा फार मोह नको: वरून पाणी शिरलं की ते लवकर वाळत नाहीत.