गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नव्यानं विमान उडवायला लागलायस? पडद्यावरच्या डोंगरांबद्दल थोडं

विमानातल्या पडद्यावर दिसणारे डोंगर (सिंथेटिक व्हिजन) येतात कुठून आणि त्यांच्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न योग्य वेळी विचारलास. पडद्यावरचा डोंगर कॅमेऱ्यातून येत नाही. जीपीएसनं सांगितलेली जागा आणि आधीच साठवलेला उंचीचा नकाशा, एवढ्यावर ते चित्र रंगतं. म्हणून गोंदियाकडच्या धानावर पहाटे दाट धुकं असलं तरी पडद्यावर लख्ख ऊनच असतं.

सध्या एवढंच पक्कं कर:

- जी१००० या कॉकपिटमधल्या पडद्यांच्या यंत्रणेत लाल रंग म्हणजे जमीन तुझ्याहून उंच किंवा खाली १०० फुटांच्या आत. पिवळा म्हणजे १०० ते १,००० फूट खाली.
- शिखर क्षितिजरेषेच्या वर दिसलं, तर ते तुझ्याहून उंच आहे. चिखलदऱ्याजवळचं वैराट सुमारे ३,८६० फूट. ३,५०० फुटांवर असशील तर ते रेषेवर डोकं काढेल. तसं दिसताच लगेच चढ किंवा वळ.
- वैनगंगा ओलांडणाऱ्या विजेच्या तारा, नवा मोबाइल टॉवर हे अडथळे यंत्रात साठवलेल्या माहितीत असतीलच असं नाही. मला सगळ्यात जास्त काळजी तारांचीच वाटते.

नवखे हमखास चुकतात ते इथं: चित्र सुरेख असतं, नजर आतच अडकते. दिवसा नजर बाहेर ठेव, पडद्याकडे दोनेक सेकंदच बघ. यंत्र सुरू करताना येणाऱ्या पानावर डेटाबेसच्या, म्हणजे या साठवलेल्या माहितीच्या, तारखा वाच. अडथळ्यांचा साठा दर ५६ दिवसांनी नवा येतो. आणि मे महिन्यातल्या उन्हात जीपीएसची उंची अल्टिमीटरपेक्षा (हवेच्या दाबावरून उंची सांगणाऱ्या यंत्रापेक्षा) जास्त दिसली, तर यंत्र बिघडलं असं समजू नको. उंची मात्र अल्टिमीटरवरच राख.

दरीतून वाट काढायला हा पडदा कधीच वापरायचा नाही. बाकीचं एकल उड्डाण झाल्यावर बोलू.