थॉमसव्हिलची घरं: आधी छप्पर बघा, व्हरांडा शेवटी

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या थॉमसव्हिलच्या घरांचे फोटो टाकून तुम्ही विचारलंय की सगळ्यांना 'व्हिक्टोरियन'च म्हणतात, मग शैली ओळखायची कशी? व्हिक्टोरियन हा काळ झाला, ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचा. त्यात शैली अनेक. मात्र व्हरांड्याच्या खांबांवरून ठरवू नका. त्या दमट हवेत व्हरांडा सगळ्यात आधी कुजतो, म्हणून बदललाही जातो तोच. छपराचा आकार सहसा मूळचा राहतो.

उतार अगदी कमी, वळचण रुंद, तिच्याखाली ब्रॅकेटची, म्हणजे आधाराच्या नक्षीदार तुकड्यांची रांग आणि खिडक्या उंच-अरुंद, तर इटालियनेट. अलाबामातल्या युफॉलाचं फेंडॉल हॉल याच शैलीतलं, 1860च्या सुमाराचं. छपराला दोन टप्पे, खालचा उतार जवळजवळ उभा आणि त्यातच खिडक्या, तर सेकंड एम्पायर. अमेरिकेच्या दक्षिणेत हे कमी, कारण ही शैली भरात होती तेव्हा यादवी युद्धाने तिथला पैसा आटला होता.

तुमच्या फोटोंत जास्त आहे ती क्वीन अ‍ॅन, साधारण 1880 ते 1910. छप्पर खडं, अनेक दिशांना उतरणारं. दर्शनी त्रिकोण एका बाजूला. भिंत कुठेच सलग सपाट नाही, एक तर पुढे काढलेली, नाहीतर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्यांनी मढवलेली. बुरूज असेलच असं नाही. थॉमसव्हिलमधलंच लॅफम-पॅटरसन हाउस जरूर बघा. शिकागोच्या एका बुटांच्या व्यापाऱ्याने 1884-85 मध्ये हिवाळ्यापुरतं बांधलेलं हे घर. खोल्या मुद्दाम वेड्यावाकड्या कोनांत, आणि आतला जिना चक्क धुराड्यामधून जातो! तेवढ्यासाठी तरी आत जाच.

घर साधं, भिंती सपाट आणि नक्षी फक्त व्हरांड्याला, तर ते फोक व्हिक्टोरियन. रेल्वेमुळे लाकडाच्या गिरणीत कापलेली तयार नक्षी गावोगावी पोचली, तिचीच ही करामत.

आता तुमच्या दुसऱ्या फोटोतलं घर. छप्पर क्वीन अ‍ॅनचं, पण खांब गोल, गुळगुळीत, ग्रीक धाटणीचे. 1890 नंतरच्या क्वीन अ‍ॅनमध्ये असे खांब मूळचेही असतात, म्हणून लगेच 'बदललंय' म्हणू नका. व्हरांडा जिथे घराच्या भिंतीला टेकतो तिथे भिंतीलगतचा अर्धा खांब बघा. पुढचे खांब बदलताना तो बरेचदा तसाच सोडतात. तो लेथवर कातलेला, कंगोऱ्यांचा निघाला, तर पुढचे खांब नंतरचे. काहीच नसेल तर रंगाचे थर बघा. काढलेल्या खांबाची कड त्यांत उमटलेली राहते. तेवढ्या जागेचा जवळून फोटो टाका.