‘रन’ दाबण्याआधी
प्रश्न : आमच्या वर्कशॉपच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं पान फक्त जुन्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि जावाची परवानगी मागतं. दुरुस्तीवाला म्हणतो, सुरक्षा कमी करा. करू का?
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नको! त्या पानातून येणारा, जावा या प्रोग्रामिंग भाषेतला छोटा प्रोग्राम म्हणजे ॲप्लेट. १९९५ मध्ये ॲप्लेट आलं ते कुंपणासकट : तुमच्या फायलींना हात लावायचा नाही. पण सही (बनवणाऱ्याची डिजिटल खूण) केलेल्या ॲप्लेटला परवानगीच्या चौकटीत ‘रन’ म्हटलंत की ते कुंपणाबाहेर येतं, तुम्ही जे करू शकता ते सगळं करतं. सही फक्त कुणाची ते सांगते, नियत नाही. शिवाय कुंपणालाच भोकं सापडत गेली. म्हणून क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावाचं प्लगइन, म्हणजे ब्राउझरमध्ये ॲप्लेट चालवणारी जोडणी, बंद केलं.

राजारामपुरीतल्या एका दुकानात मी पाहिलंय, कॅमेरा, बँक आणि जीएसटी एकाच कॉम्प्युटरवर, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. जीव खालीवर झाला माझा.

कॅमेऱ्यासाठी एक जुना कॉम्प्युटर वेगळा काढा, त्यावर बँक उघडूच नका. राउटरमधून कॅमेऱ्याला बाहेरून येणारी वाट बंद करा. डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचा, कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. आणि कंपनीकडे नवं फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर) मागा; नसेल तर पुढच्या दिवाळीची वाट न बघता डीव्हीआर बदला.