दिवसभर टिकेल असा चंदनाचा सुगंध कोणता घ्यावा?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा, की चंदनाचा वास आपल्याला मनापासून आवडतो, पण 'शुद्ध चंदन' असे लिहिलेली तीन अत्तरे आजवर घेतली आणि तिन्ही तास-दीड तासात उडून गेली. सकाळी आठला घर सोडल्यापासून संध्याकाळपर्यंत, लोकलची गर्दी आणि वातानुकूलित कार्यालय हे दोन्ही सोसून टिकेल असे काही दोन हजार रुपयांच्या आत मिळेल का, हे आपल्याला हवे आहे. मिळेल. पण काय मिळेल, हे समजण्यासाठी टिकणे आणि दरवळणे या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतील, कारण बहुतेक निराशा त्यांच्या सरमिसळीतून येते.

चंदनाच्या तेलाचा गंध मुख्यतः अल्फा-सँटालॉल आणि बीटा-सँटालॉल या दोन घटकांतून येतो. त्यांचे रेणू जड असतात आणि उत्कलनबिंदू सुमारे ३०० अंश सेल्सियस असतो, त्यामुळे लिंबू किंवा लॅव्हेंडरच्या तेलासारखे ते भुर्रकन उडून जात नाहीत. चंदनाचे टिकाऊपण यातूनच येते. मात्र जे सावकाश उडते ते एका वेळी नाकापर्यंतही थोडेच पोहोचते. म्हणून खरे चंदन अंगावर दिवसभर राहते, पण समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ते जाणवेलच असे नाही. आपली अत्तरे तासाभरात गेली याचे दोन अर्थ संभवतात: एक तर त्यांत चंदन नावालाच होते, किंवा चंदन अंगावर होते आणि आपले नाक त्याला सरावले होते. दुसरी शक्यता मीही पूर्वी हसण्यावारी नेत असे.

काही वर्षांपूर्वी माझीही हीच तक्रार होती, तेव्हा मी घरीच एक प्रयोग केला. चित्रकलेच्या जाड कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेक थेंब लावला, मागे पेन्सिलीने वेळ लिहिली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी त्या खिडकीपासून दूर, दोरीवर हातभर अंतराने टांगल्या. पहिला थेंब बाजारातल्या एका स्वस्त कुपीतला होता, दुसरा एका प्रदर्शनात 'शंभर टक्के शुद्ध' म्हणून घेतलेल्या बाटलीतला, आणि तिसरा म्हैसूरहून आणलेल्या कर्नाटक सरकारच्या साबण कारखान्याच्या मोहोरबंद तेलाचा. पहिली पट्टी सुरुवातीला सर्वांत जोरात होती. गोड, साबणासारखा वास खोलीभर झाला आणि पाऊण तासाने कागदावर तेलकट डाग तेवढा उरला. दुसरी दोन दिवस टिकली, पण तिला नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीसारखा कोरडा, टोकदार वास होता आणि तो पहिल्या तासापासून शेवटपर्यंत बदलला नाही. तिसरीने आरंभी माझी निराशाच केली. पहिली दहा-पंधरा मिनिटे तिच्यातून ओल्या शेंगदाण्यासारखा काहीसा कच्चा वास येत होता. मग हळूहळू तो तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा मऊ झाला आणि आठवडा उलटल्यावरही पट्टी नाकाशी नेली की तो तिथेच असे.

त्या दिवशी दुपारी मी तिसरी पट्टी हुंगली तेव्हा मला काहीच जाणवले नाही आणि ती संपली असे मी वहीत लिहूनही टाकले. तेवढ्यात बाहेरून आलेली माझी बहीण दारातच थांबून म्हणाली, "दादा, गंध कुणी उगाळलंय?" सकाळपासून त्याच खोलीत बसल्यामुळे माझे नाक दमले होते. तेव्हापासून टिकाऊपणाचा निवाडा मी स्वतःच्या नाकावर सोडत नाही. आपणही संध्याकाळी घरच्या कुणाला तरी मनगट हुंगायला सांगावे. शिवाय काही जणांच्या नाकाला अशा जड रेणूंपैकी एखादा मुळातच फार कमी जाणवतो, त्यामुळे मित्राने वाखाणलेले अत्तर आपल्याला निर्गंध वाटणे अगदी शक्य आहे.

आता किमतीचा हिशेब करू, कारण भेसळ ओळखायला नाकाआधी गणित उपयोगी पडते. भारतीय चंदनाच्या तेलाचा ठोक भाव किलोला लाखाच्या वर असतो. आपण सोयीसाठी एक लाखच धरू. दहा मिलिलिटर तेलाचे वजन साधारण ९.७ ग्रॅम भरते, म्हणजे बाटली, कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा यांच्या आधीच त्याची किंमत सुमारे ९७० रुपये होते. दहा मिलिलिटरची 'शुद्ध चंदन' कुपी दीड-दोनशे रुपयांत मिळत असेल, तर तिच्यात काय नाही हे वेगळे सांगायला नको. उलट बाजूने मात्र हा नियम चालत नाही. महाग कुपी शुद्ध असतेच असे नाही, आणि माझी ती प्रदर्शनातली बाटली स्वस्त नव्हती.

इतकी किंमत का, याचे उत्तर झाडात आहे. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. ते आपली मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटवून त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेते, म्हणून त्याला एकट्याने वाढवता येत नाही. गंध असतो तो फक्त आतल्या गाभ्यात आणि मुळांत, बाहेरच्या पांढऱ्या लाकडात नाही, आणि चांगला गाभा धरायला वर्षानुवर्षे जावी लागतात. टिपू सुलतानाच्या काळापासून म्हैसूर राज्यात हे झाड सरकारी मालकीचे मानले जाई आणि कर्नाटकात शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीतल्या चंदनावर मालकी मिळाली ती २००१ च्या कायदेबदलानंतर. पहिल्या महायुद्धामुळे युरोपला लाकूड पाठवणे थांबले, तेव्हा म्हैसूर संस्थानाने तेल स्वतःच काढायला घेतले आणि १९१६ मध्ये बंगळूरला साबण कारखाना सुरू झाला. दिवाळीच्या पहाटे आपल्याकडे अनेक घरांत जी अंडाकृती वडी निघते ती तिथली. त्यानंतरच्या काळात चोरटी तोड आणि झाडांवरचा स्पाइक रोग यांनी जंगलातले चंदन इतके घटवले, की आज जगात विकल्या जाणाऱ्या भारतीय जातीच्या चंदनतेलाचा मोठा वाटा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुरा भागातील लागवडीतून येतो. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही, जात तीच आहे. जुन्या झाडांच्या तेलापेक्षा ते थोडे हलके वाटते, एवढेच.

नावांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे रानटी चंदन ही वेगळी जात आहे; तिच्या तेलात सँटालॉल कमी असते आणि वास अधिक कोरडा, किंचित रेझिनसारखा येतो. 'वेस्ट इंडियन चंदन' या नावाने विकले जाणारे ॲमायरिसचे तेल तर चंदनाच्या कुळातलेही नाही, ते लिंबू-संत्र्याच्या कुळातले आहे. रक्तचंदनाला सुगंध जवळजवळ नसतोच. ते रंगासाठी आणि लेपासाठी वापरतात, त्यामुळे 'रक्तचंदनाचे अत्तर' असे काही दिसले तर पुढे चालू लागावे.

भेसळीसाठी वापरले जाणारे पातळ द्रव बहुधा वासरहित असतात. त्यांतले लिक्विड पॅराफिन ओळखणे सोपे आहे: औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटच्या चमचाभरात दोन थेंब टाकून ढवळावे, खरे चंदनतेल विरघळते, पॅराफिन असेल तर द्रव ढगाळतो आणि थोड्या वेळाने तेलाचे थेंब वेगळे दिसतात. मात्र डायइथाइल थॅलेट नावाचा जो द्रव अत्तरांत सर्रास मिसळतात तो स्पिरिटमध्ये मजेत विरघळतो, तेव्हा या परीक्षेत उत्तीर्ण झालेले अत्तर शुद्धच असते असे समजू नये. मोठी खरेदी असेल तर विक्रेत्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीचा, अहवाल मागता येतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार भारतीय चंदनतेलात अल्फा-सँटालॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा-सँटालॉल १६ ते २४ टक्के असावे लागते. दोन मिलिलिटरसाठी कुणी असा अहवाल देत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे.

उत्तर प्रदेशातल्या कनोजच्या अत्तरांबद्दल आपण विचारलेले नाही, पण ती आपल्या शोधात येणारच. तिथे तांब्याच्या देगेत फुले उकळून त्यांची वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरवतात, आणि त्या भपक्यात परंपरेने चंदनाचे तेलच भरलेले असे. गुलाब, मोगरा, वाळा यांचा गंध ते धरून ठेवी. म्हणजे जुन्या पद्धतीच्या गुलाबाच्या अत्तरातही संध्याकाळी जे उरे ते चंदनच. तेल महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी भपक्यात दुसरे द्रव भरले जातात, म्हणून विकत घेताना "हे चंदनावर काढलेले आहे का?" असे नेमके विचारावे. प्रामाणिक अत्तरवाला दोन्ही प्रकार पुढे ठेवतो आणि भावातला फरक लपवत नाही.

कृत्रिम चंदनाला नाक मुरडण्याची पद्धत आहे, आणि ती मला पटत नाही. जावानॉल, एबॅनॉल, पॉलिसँटॉल ही सुगंधरसायने प्रयोगशाळेत घडवलेली आहेत, पण खऱ्या चंदनाला जे जमत नाही ते, म्हणजे दूरवर जाणवणे, त्यांना जमते, आणि त्यांतली काही कपड्यावर दोन-दोन दिवस राहतात. फ्रान्सच्या गेर्लाँ कंपनीचे १९८९ मध्ये आलेले संसारा हे अत्तर (नाव वाचून आपल्याकडच्या गृहिणींना हसू येईल) चमेली आणि चंदनावर उभे आहे, आणि त्यात नैसर्गिक तेलाच्या जोडीला असे रसायनही वापरलेले होते. कृत्रिम घटकात उणीव आहे ती वेगळीच: ते एकसुरी असतात. खरे तेल तासातासाला थोडे बदलते, दुपारी गोडसर आणि रात्री अगदी लाकडासारखे होते. एकट्या रसायनाला हे बदलणे नसते. माझ्या दुसऱ्या पट्टीवर बहुधा असेच काहीतरी होते, आणि ते प्रामाणिकपणे तसे सांगून विकले असते तर माझी काही तक्रार नव्हती.

आपल्या गरजेसाठी मी दोन्हींची जोडी सुचवेन. विश्वासार्ह ठिकाणाहून खऱ्या तेलाची दोन-तीन मिलिलिटरची लहानात लहान बाटली घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत चंदनाचा, कृत्रिम घटक असलेला, एखादा साधा फवारा घ्यावा. तेल त्वचेसाठी आणि फवारा कपड्यांसाठी. तेल लावण्याआधी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावे. शुद्ध असले म्हणून ते प्रत्येक त्वचेला मानवतेच असे नाही. रोज आंघोळीनंतर अंग कोरडे करून छातीच्या मधोमध आणि मानेच्या मागे पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा आणि त्यावर काडीने एकेक थेंब टेकवावा. कोरडी त्वचा तेल शोषून घेते आणि वास दबतो. खाली स्निग्ध थर असला की तो सावकाश सुटत राहतो. छाती शर्टाखाली झाकलेली असल्याने वाऱ्यापासून वाचते आणि अंगाच्या उबेने वास कॉलरमधून वर येतो. मनगटावर लावलेले मात्र हात धुताना साबणाबरोबर जाते, आणि आपण दिवसातून किती वेळा हात धुतो हे मोजले तर आपली तीन अत्तरे कुठे गेली याचे थोडे उत्तर तिथेही सापडेल. वातानुकूलित खोलीत वास मंदावतो आणि लोकलच्या उकाड्यात पुन्हा वर येतो. दुपारी तो नाहीसा झाला असे वाटले तरी लगेच वर दुसरा थर चढवू नये, नाहीतर संध्याकाळच्या गाडीत शेजारच्यांना त्रास होईल.

कपड्यांना आमचे आजोबा फार साधे काही करीत. पूजेचे खोड सहाणेवर झिजून झिजून बोटाएवढे उरले, की ते टाकून न देता ते कपाळाच्या गंधाऐवजी ट्रंकेतल्या उपरण्यांच्या घडीत जाई, आणि त्या उपरण्यांना वर्षभर अगदी पुसट, पण न चुकणारा वास असे. आज असे खोड घ्यायचे तर सरकारी विक्रीकेंद्रातूनच घ्यावे, कारण रस्त्यावर मिळणारे पुष्कळसे तुकडे दुसऱ्याच लाकडाचे, वरून वास चोळलेले असतात. पाण्याने धुऊन, वाळवून सहाणेवर उगाळले की दहा-बारा फेऱ्यांत वरचा वास निघून जातो आणि आतले लाकूड उघडे पडते. तेल मात्र थेट पांढऱ्या शर्टावर किंवा रेशमावर लावू नये. त्याचा फिकट पिवळा डाग धुतल्याने जात नाही. माझ्या एका सिल्कच्या कुर्त्याच्या खिशापाशी तो अजून आहे.