रिंगरोडला दारं किती?

प्रश्न : आमच्या शहराभोवतीचा रिंगरोड चौपदरी आहे आणि सकाळ-संध्याकाळ तुंबलेला असतो. तो आता आठपदरी करायचं चाललंय, त्यावर लवकरच जनसुनावणी आहे. माझं घर रिंगरोडच्या बाहेरच्या बाजूला आणि मी शिकवते ती शाळा आतल्या बाजूला. रुंदीकरणाने कोंडी खरंच सुटेल का? सुनावणीत मी नेमकं काय विचारू?

उत्तर : सुनावणीला नक्की जा, ताई. पण तिथे पदरांच्या आधी दारांचा प्रश्न विचारा. या रस्त्यावर गाडी किती ठिकाणांहून शिरते आणि किती ठिकाणी बाहेर पडते? पेट्रोलपंपाचं तोंड, गोदामाचं फाटक, दुभाजक फोडून केलेली वळणं, सगळी धरून आकडा मागा.

हे मी का सांगतोय? नोकरीच्या सुरुवातीला माझी एका रिंगरोडवर वाहनगणनेला नेमणूक झाली होती. नुसत्या गाड्या मोजायच्या नव्हत्या, त्यांचा माग काढायचा होता. प्रत्येक चौकात एकेक जण खुर्ची टाकून बसला. समोरून जाणाऱ्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ, एवढंच वहीत टिपायचं. रात्री सगळ्या वह्या जमिनीवर पसरून आम्ही आकडे जुळवत बसलो. माझ्या वहीतली गाडी पुढच्या चौकातल्या सहकाऱ्याच्या वहीत सात मिनिटांनी सापडायची, आणि त्याच्या पुढच्या वहीत नसायचीच. म्हणजे ती मध्येच उतरली. असं एकामागून एक निघत गेलं. शहरात काम नसलेल्या ट्रकांनी बाहेरून वळसा घालून जावं म्हणून तो रस्ता बांधला होता, आणि गर्दी होती ती दोन चौकांपुरती चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची.

मी ते अहवालात लिहिलं. ज्यांनी मोजणी करवून घेतली होती त्यांनी पदर वाढवायचं पान ठेवलं आणि चौकांचं गाळलं. मी नवखा होतो, गप्प बसलो. त्याची खंत अजून आहे.

आता पदरांचा हिशोब. दोन गाड्यांमध्ये २ सेकंदांचं अंतर धरा. तासाचे सेकंद ३६००, म्हणजे एका पदरातून तासाला १८०० गाड्या. वाटेत सिग्नल लागला आणि निम्मा वेळच हिरवा मिळाला, की उरल्या ९००. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण हिरवा दिवा लागल्यावर पहिल्या गाड्या हलायलाच काही सेकंद जातात, आणि पुढे भरलेला ट्रक असला तर विचारायलाच नको. चौकांच्या मधला रस्ता दुप्पट केला आणि चौक होता तसाच ठेवला, तर नरसाळ्याचं तोंड तेवढं मोठं झालं; तेल उतरणार ते नळीतूनच. म्हणून दुसरा प्रश्न असा : आधी चौकांवर उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग होणार, की आधी पदर?

आणि पदर वाढले की गाड्याही वाढतात. आत्ता कोंडी टाळायला पहाटे निघणारा माणूस रस्ता मोकळा दिसला की आठला निघायला लागतो, बसने जाणारा स्वतःची गाडी काढतो, रस्त्यालगत नवी संकुलं उठतात. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ मध्येच हे मांडलं होतं. ब्रिटिश सरकारच्या सल्लागार समितीने १९९४ मध्ये नवीन रस्ते नवीन वाहतूक निर्माण करतात हे मान्य केलं. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर यांनी अमेरिकन शहरांची आकडेवारी तपासली, तर महामार्गाची लांबी-रुंदी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते असं दिसलं.

मॉस्कोचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १०९ किलोमीटरचा तिथला वर्तुळाकार मार्ग १९६२ मध्ये पूर्ण झाला. १९९० च्या दशकात तो दोन्ही बाजूंना पाच-पाच पदरांचा केला आणि चौकांवर पूल बांधले. म्हणजे मी वर मागितलं ते तिथे झालं. पण मग रस्त्याला लागून मोठमोठे मॉल उभे राहिले, त्यांच्या गाड्या त्याच रस्त्यावर आल्या, आणि कोंडीही परतली. तेव्हा तिसरी गोष्ट लेखी मागा : रुंदीकरणानंतर मुख्य रस्त्यावर थेट नवीन तोंड कुणालाही मिळणार नाही. शेजारच्या इमारतींसाठी सेवारस्ता, आणि सेवारस्त्यावरून मुख्य रस्त्यावर यायला लांब अंतरावर मोजक्याच जागा. नकाशावर सेवारस्ता तुटक दाखवला असेल तर तो कुठे तुटतो ते बोट ठेवून विचारा. गाड्या बरोबर तिथेच मुख्य रस्त्यावर घुसतात.

शेवटचं तुमच्या रोजच्या जाण्यायेण्याचं, आणि यावर मात्र अजिबात माघार घेऊ नका. एक पदर साधारण साडेतीन मीटरचा. आठ पदर म्हणजे २८ मीटर, दुभाजक आणि कडेच्या पट्ट्या वेगळ्याच. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाला नुसते पदर ओलांडायला २३ सेकंद लागतात. म्हातारं माणूस ०.८ ने चालतं, त्याला ३५. पादचारी पूल बांधू म्हणतील. चाळीस-पन्नास पायऱ्या चढून पुन्हा उतरायच्या म्हटल्यावर गुडघेदुखीचा माणूस खालूनच पळतो. रस्ता मुळातच भरावावर उचललेला असेल तर त्याच्या पोटातून सपाट, उजेडाचा, पावसाचं पाणी न साठणारा रस्ता काढता येतो. तो रुंदीकरणाच्या कंत्राटातच हवा, पुढच्या टप्प्यात नको. शाळेतल्या मुलांपैकी किती जण रिंगरोड ओलांडून येतात ते मोजून आकडा घेऊनच जा. चार आकडी नंबर टिपण्यापेक्षा हे काम सोपं आहे, आणि सुनावणीच्या इतिवृत्तात त्याची नोंद करायला लावा.

प्रश्न : आमच्या शहरातही रिंगरोड तुंबतो, पण रुंदीकरणाला निधी नाही. तोवर काही करता येईल का?

उत्तर : वेग सारखा ठेवता येईल. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी २३० मीटर घेराच्या गोल मार्गावर २२ गाड्या सोडल्या. ना चौक, ना सिग्नल. तरी थोड्याच वेळात कोंडी झाली. एकाने जरा ब्रेक लावला, मागच्याने जास्त लावला, त्याच्या मागचा थांबला, आणि ती कोंडी मागे मागे सरकत राहिली. अशी कोंडी टाळायलाच लंडनभोवतीच्या १८८ किलोमीटरच्या एम२५ या महामार्गावर १९९५ पासून काही भागात गर्दी पाहून वेगमर्यादा कमी-जास्त करतात. कमी पण एकसारख्या वेगाने ब्रेक कमी लागतात. त्याच्या जोडीला दुभाजकातली बेकायदा वळणं बुजवा. त्याला चार दिवस आणि थोडं काँक्रीट पुरतं. फक्त बुजवल्यावर ती पुन्हा फोडली जात नाहीत ना, हे पहिले काही आठवडे रोज कुणीतरी जाऊन पाहायला हवं.