व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाताय? आधी उंचीचं बोलू

उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स दरवर्षी १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात उघडी असते आणि मे महिन्यापासून माझ्याकडे तेच ते प्रश्न येऊ लागतात. निम्म्या शंकांचं उत्तर दरीच्या पायथ्याशी असलेल्या घांगरिया या मुक्कामाच्या गावातल्या माहिती केंद्रात किंवा वन विभागाच्या चौकीवर मिळतं. उरलेल्या निम्म्या तुमच्या डॉक्टरांनाच विचारायला हव्यात.

दरीत तंबू ठोकून एक रात्र राहता येईल का?

नाही. संध्याकाळच्या आत घांगरियाला परतावंच लागतं.

आईला चालवत नाही. घोडा आत जातो का?

घोडा घांगरियापर्यंत आणि पुढे हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर मिळतो. दरीत घोड्याला बंदी आहे. पाठीवर कंडी (माणूस बसवून नेण्याची टोपली) घेणारे मजूर मिळतात, पण आईंना त्यात बसणं झेपेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

एजंट 'फुलांची हमी' देऊन ऑगस्टची ठरावीक तारीख गळ्यात मारतोय. खरं असतं का?

अशी हमी कुणालाच देता येत नाही. फुलं एकदम फुलत नाहीत. एक जात ओसरते तेव्हा दुसरी सुरू होते, आणि बर्फ उशिरा वितळलं की सगळंच पुढे सरकतं. साधारणपणे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बहर दाट असतो. एजंटच्या जाहिरातीत ब्रह्मकमळाचा फोटो असेल, तर ते प्रामुख्याने हेमकुंडच्या चढावर दिसतं हेही त्याला सांगा. परमिट वन विभाग देतो, त्यासाठी मधल्या माणसाला जादा पैसे मोजू नका. शुल्क आणि प्रवेशाची शेवटची वेळ निघण्यापूर्वी केंद्रात विचारून घ्या.

कापूर हुंगला की ऑक्सिजन वाढतो म्हणतात. शिवाय ऑक्सिजनचा कॅन बरोबर ठेवला तर हेमकुंड बिनधास्त करता येईल ना? आम्ही रोज व्यायाम करतो.

हा प्रश्न दर हंगामात येतो आणि दर वेळी मला काळजी वाटते. कापरात श्वासाला उपयोगी पडेल असा ऑक्सिजन नसतो. त्याच्या वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. उलट लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात, त्यामुळे पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

वर गेलं तरी हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच राहतं, घटतो तो हवेचा दाब. घांगरिया सुमारे ३,००० मीटरवर आहे, हेमकुंड ४,००० मीटरच्या वर. तिथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के ऑक्सिजन मिळतो. याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. व्यायामाने पाय तयार होतात, ही सवय होत नाही. धडधाकट तरुण तर जास्त भरभर चढतात आणि जास्त लवकर आजारी पडतात. कॅनमधला वायू काही मिनिटांत संपतो. तेवढ्यात बरं वाटलं म्हणून माणूस आणखी वर जातो, हा त्यातला खरा धोका.

म्हणून जोशीमठला एक रात्र काढा, मग घांगरिया. दुसऱ्या दिवशी दरी पाहा, हेमकुंड त्यानंतर. हा क्रम उलटा करू नका. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं यांना 'पित्त' म्हणून गोळी घेऊन झोपू नका. चढणं तिथेच थांबवा. शंका आली तर त्या माणसाला टाचेला बोट लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागली, खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट पाहू नका. सोबत माणूस देऊन त्याच वेळी खाली उतरवा आणि वैद्यकीय मदत घ्या. 'इतक्या लांब आलोय, दर्शन घेऊनच उतरू' या एका वाक्यापायी माणसं दगावतात.

उंचीच्या त्रासावरची प्रतिबंधक गोळी घ्यावी का, किती घ्यावी, हे डॉक्टर ठरवतील. मित्राच्या डब्यातली घेऊ नका. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गोविंदघाटहून हेलिकॉप्टरने घांगरियाला गेलो तर हा त्रास टळेल?

दमणूक टळेल, उंची टळणार नाही. चालत जाणाऱ्याला निदान काही तास मिळतात, तुम्हाला मिनिटं मिळतील. त्या दिवशी हेमकुंडचा विचारही नको.

वडील ६४ वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. नेऊ का?

इथून 'हो' म्हणणं बेजबाबदारपणा ठरेल. हृदयतज्ज्ञांना 'सहलीला जातोय' एवढंच सांगू नका. रात्रीचा मुक्काम किती मीटरवर, रोज किती चढ, जवळचं मोठं रुग्णालय किती तासांवर, हे कागदावर लिहून न्या. आणि ही भेट तिकीट काढण्याआधी घ्या. आगाऊ पैसे भरले की 'नको' ऐकायला कुणाचं मन तयार होत नाही.

ड्रोन चालेल का?

वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही.